शीतपेटीतील अन्नपूर्णा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत वाराणसी येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी बोललेल्या विद्वानांनी मोठे विषय मांडले. एकनाथांच्या भागवताची सांगता १५७३ साली याच नगरीत झाली. येथील गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. अहिल्याबाईंनी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. अशा थोर परंपरेचे स्मरण झाल्यावर, सवलतीच्या दुकानात मिळणाऱ्या गोठवलेल्या भाजीच्या टिक्कीवर बोलण्यास कोणी उभे राहावे, हे काहींना औचित्याला सोडून वाटेल. परंतु काशी ही जशी विश्वेश्वराची, तशीच ती अन्नपूर्णेची नगरी आहे. जिच्या दारी प्रत्यक्ष शंकराने भिक्षापात्र पुढे केले, तिच्या गावात अन्नाचा कोणताही प्रश्न क्षुल्लक मानता येणार नाही, अशी माझी श्रद्धा आहे.

विषय कसा निघाला, ते थोडक्यात सांगते. गणेशोत्सवातील बालमेळाव्यास मुलांना खिचडी किंवा शिऱ्याऐवजी बर्गर द्यावा, अशी सूचना आपल्या तरुण सभासदांनी मांडली. गोठवलेल्या टिक्क्यांची पाकिटे स्वस्त मिळतात, पाव कोपऱ्यावरच्या बेकरीत मिळतो, दोन तासांत शंभर मुलांचे काम उरकेल, असा त्यांचा हिशेब. वडीलधाऱ्यांनी त्यास कडाडून विरोध केला. कारखान्यात कोणी, कसे आणि केव्हा केलेले हे अन्न, ते गणपतीपुढे जमलेल्या लेकरांना द्यायचे काय, असा त्यांचा सवाल. महिला शाखेतील सुनांचे म्हणणे तिसरेच होते. त्या म्हणाल्या, "दोन्ही पक्षांत बोलणारे पुरुष आहेत, खिचडी करायची झाली तर पहाटे चारला उठणार कोण, ते आधी ठरू द्या." अखेरीस, अनेक वर्षे गृहविज्ञान शिकविलेली म्हणून हे काम मजकडे आले. टिक्क्या आणाव्यात, करून पाहाव्यात, चाखाव्यात, चाखवाव्यात, आणि जे आढळेल ते सांगावे, असे ठरले. त्याप्रमाणे हा वृत्तान्त सादर करीत आहे.

प्रथम नावाविषयी. एका आजींनी मला बाजूला घेऊन विचारले की, "या 'हॅम्बर्गर' शब्दात 'हॅम' आहे, आणि हॅम म्हणजे डुकराचे मांस ना?" शंका स्वाभाविक आहे, पण तो शब्द जर्मनीतील हॅम्बुर्ग या शहराच्या नावावरून आला आहे. पुढे अमेरिकेत त्या शब्दाची शेपटी तुटली आणि 'बर्गर' एवढाच स्वतंत्र शब्द झाला. मांसाविना बर्गर ही कल्पनाही पाश्चात्त्य देशांत जुनीच. लंडनमध्ये ग्रेगरी सॅम्स यांनी १९८२ साली 'व्हेजबर्गर' या नावाचे कोरडे मिश्रण विक्रीस आणले. आपल्या देशात हा पदार्थ घरोघरी माहीत झाला तो १९९६ नंतर. त्या वर्षी मॅकडोनाल्ड्स कंपनीने दिल्लीत आपले पहिले उपाहारगृह उघडले. गोमांस आणि डुकराचे मांस तिने येथे ठेवले नाही, आणि पुढे बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर हीच तिची येथील ओळख झाली. त्या टिक्क्या पुरविणाऱ्या कारखान्यांपैकी विस्टा प्रोसेस्ड फूड्स हा कारखाना नवी मुंबईजवळ तळोजे येथे आहे. म्हणजे ज्यास आपण परके समजतो, त्याचा एक पाय आपल्या महाराष्ट्रातच रोवलेला आहे.

आणि परके म्हणायचे तरी कशास? बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाले. येथे बनारसमध्ये भाजीवाल्याकडे 'बटाटा' मागितला, तर तो क्षणभर आपल्याकडे पाहतच राहतो. त्याच्या लेखी तो 'आलू'. सातासमुद्रांपलीकडून आलेला हा कंद आज आपल्या एकादशीच्या ताटात निःशंकपणे बसतो. वडापावाचे श्रेय सामान्यतः दादर स्थानकाबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना दिले जाते; साल १९६६ सांगतात. त्या वड्यातील बटाटा परदेशी, मिरची परदेशी, भोवतालचा पाव परदेशी. पण वडापावास कोणी परका म्हणून पाहावा! घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर त्याच्या नुसत्या नावाने गावाची आठवण होते.

खाण्यापिण्यावरून झालेले वाद आपल्याला नवीन नाहीत. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला, आणि त्यावरून केवढे ग्रामण्य माजले! त्या मंडळींत रानडे होते, टिळकही होते. प्रायश्चित्ताचा प्रश्न निघाला, तेव्हा टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. म्हणजे पुण्यातील एका कप चहाचा निकालसुद्धा अखेर या गंगाकाठी लागला. आज तो चहा आपल्या प्रत्येक बैठकीचा आरंभ आहे. म्हणून वडीलधाऱ्यांना माझी नम्र विनंती की, 'आपल्याकडे हे नव्हते' एवढ्या एकाच कारणाने कोणताही पदार्थ त्याज्य ठरवू नये. आणि तरुणांनाही सांगते की, 'हल्ली सगळे खातात' हेही कारण तितकेच अपुरे आहे. पदार्थाची परीक्षा पदार्थातच करावयास हवी.

आता गोठवणे म्हणजे काय, ते पाहू. अन्न नासते ते सूक्ष्म जंतूंमुळे आणि अन्नातीलच पाचक द्रव्यांमुळे. थंडीत या दोहोंचे काम मंदावते. उणे १८ अंश सेल्सिअसला जंतूंची वाढ थांबते. लक्षात घ्यावे, ती थांबते. जंतू मरतातच असे नाही. पदार्थ पुन्हा उबेत आला की ते जागे होतात. अमेरिकेतील क्लॅरेन्स बर्ड्सआय हा गृहस्थ लॅब्राडॉरच्या हिमप्रदेशात राहत असताना त्याने पाहिले की, तेथील रहिवाशांनी पकडलेला मासा बर्फाळ वाऱ्यात तत्काळ गोठतो आणि महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागतो. सावकाश गोठले की बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि ते भाजीच्या पेशी फोडतात. झपाट्याने गोठले की स्फटिक बारीक राहतात. या एका निरीक्षणावर त्याने यंत्रे रचली, आणि १९३० साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड गावी असे गोठवलेले अन्न प्रथम दुकानांत मांडले गेले.

थंडीचा उपयोग करून घेण्याची कला बनारसला मात्र कोणी शिकवावी लागली नाही. हिवाळ्यात आटवलेले दूध रात्री उघड्या आकाशाखाली दवात ठेवून, पहाटे घुसळून, त्याच्या फेसाचा मलइयो करणारे कारागीर ज्या चौखंब्याच्या गल्ल्यांत बसतात, त्या गल्ल्या आपणा सर्वांच्या पायाखालच्या आहेत. ऊन चढले की मलइयो संपला. आपल्या आज्या थंडीऐवजी उन्हाचा उपयोग करीत. कुरडया, सांडगे, पापड, सालपापड्या हे उन्हाळ्याचे वाळवण म्हणजे तरी काय? अवसर असताना करून ठेवलेले, पुढे चार मिनिटांत तळून पानात वाढता येणारे तयार अन्नच की ते! आळीतल्या चार बायका एकत्र जमत आणि वर्षाची बेगमी करीत. १९५९ साली मुंबईत गिरगावातील सात गुजराती भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, तोच पुढे 'लिज्जत' झाला, हे सर्वश्रुत आहे. त्या पापडास आपण कधी 'कारखान्याचे अन्न' म्हणून नाक मुरडले नाही.

तेव्हा मूळ तत्त्वाविषयी आक्षेप राहत नाही. आता प्रत्यक्ष टिक्कीकडे वळते.

मी तीन वेगवेगळी पाकिटे आणली, तीनही त्या दुकानातील सर्वांत स्वस्त. त्यांची नावे सांगत नाही. माझी परीक्षा एका स्वयंपाकघरातील आहे, प्रयोगशाळेतील नव्हे. प्रथम पाकिटावरील बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचली. आपल्याकडील नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जे सर्वांत अधिक, ते सर्वांत आधी. तिन्ही पाकिटांवर पहिले नाव बटाट्याचे होते. त्यानंतर दोहोंवर ब्रेडचा चुरा आणि तेल, आणि मगच मटार, गाजर, फरसबी. चित्रात मात्र हिरव्या वाटाण्यांची रास आणि गाजराचे लालबुंद तुकडे! तिसऱ्या पाकिटावर मटार दुसऱ्या क्रमांकावर होते, आणि ते चवीलाही कळले. शेवटी काही आकडे असतात, त्यांना पुष्कळ जण भितात. ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक. ४६१ म्हणजे वनस्पतींच्या तंतूंपासून केलेला, उष्णतेने घट्ट होणारा पदार्थ. त्याच्यामुळे टिक्की तेलात फुटत नाही. आकडा दिसला की विष, अशी समजूत करून घेऊ नये.

मग प्रत्येक पाकिटातील टिक्क्या दोन प्रकारे केल्या: एक भरपूर तेलात तळून, दुसरी तव्यावर चमचाभर तेलात मंद आचेवर. चाखण्यास तीन पिढ्या बोलाविल्या. तळलेली टिक्की बाहेरून खुसखुशीत होते याबद्दल दुमत नव्हते. तव्यावरची जरा मऊ, पण तेलकटपणा कमी. टिक्की वितळू न देता, फ्रीझरमधून काढून तशीच तव्यावर टाकावी. आधी काढून ठेवली की तिला पाणी सुटते आणि ती चिकटते. आतला गर तिन्हींचा मऊ, एकजीव, बाळाला भरवावा तसा. दातांखाली काही लागत नाही. मीठ जास्त. मसाल्याचा वास एकसुरी. आले, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू यांचा ताजेपणा नाही. एका पाकिटातील टिक्की उकलून मी वाटाणे मोजले. अखंड असे चार निघाले. माझ्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "वाईट नाही हो, पण हिला काही सांगायचे नाही." यापेक्षा नेमके वर्णन मला सुचत नाही.

मुलांनी मात्र सर्व टिक्क्या संपविल्या. पण मग मी तीच टिक्की पावात घालून, वर खोबऱ्या-तिळाची चटणी, काकडीची चकती आणि घट्ट दह्यातली कोबीची कोशिंबीर घालून दिली, तेव्हा मोठ्यांनीही दुसऱ्यांदा मागितली. निष्कर्ष असा की, या टिक्कीस सोबत लागते. एकटी असता ती गरीब आहे; आपल्या स्वयंपाकघरातील दोन गोष्टी तिच्याबरोबर आल्या की ती उभी राहते.

आता पैशाचा हिशेब. सवलतीच्या दुकानात मला एक टिक्की दहा ते पंधरा रुपयांच्या दरम्यान पडली. घरी केलेल्या टिक्कीस बटाटा, मटार, तेल आणि गॅस धरून, त्याच आठवड्याच्या भावाने, साधारण निम्मा खर्च आला. हे ऐकताच एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "झाला की निकाल! घरचे स्वस्त." मी त्यांना विनंती केली की, हिशेब अजून पुरा व्हायचा आहे. चोवीस टिक्क्यांसाठी बटाटे उकडणे, सोलणे, मटार सोलणे, मळणे, थापणे, चुऱ्यात घोळवणे, आणि नंतरची भांडी, यांस मला पावणेदोन तास लागले. या पावणेदोन तासांची किंमत कोणत्या खात्यावर मांडायची? घरचे अन्न स्वस्त असते, कारण ते करणारीच्या वेळेचे मोल आपण शून्य धरतो. जी सून सकाळी नऊला शाळेत किंवा बँकेत जाते आणि सहाला परत येते, तिच्या लेखी पाच-सात रुपयांत विकत मिळालेली काही मिनिटे ही उधळपट्टी नव्हे. ती तिची आणि तिच्या लेकराची संध्याकाळ आहे. टिक्की विकत आणणाऱ्या गृहिणीकडे ज्यांना तिरप्या नजरेने पाहावेसे वाटते, त्यांनी आधी एकदा चोवीस टिक्क्या थापून पाहाव्यात, एवढेच माझे म्हणणे आहे.

परंतु वेळेचा हिशेब मांडला, तसाच पोषणाचाही मांडावयास हवा. आणि येथे माझे मत कठोर आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसास वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ६० किलो वजनास ५० ग्रॅम. पाकिटांवरील आकड्यांवरून पाहता एका टिक्कीतून दोन ते तीन ग्रॅम मिळतात. घट्ट वरणाच्या एका वाटीतून त्याच्या दुप्पट. बटाट्याच्या टिक्कीभोवती मैद्याचा पाव म्हणजे पिष्टाभोवती पिष्ट. मिठाचेही तेच. पाकिटावर मीठ लिहिलेले नसते, सोडियम लिहिलेले असते. त्याला अडीचने गुणावे. शंभर ग्रॅममागे ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. आणि दिवसभराची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने पाच ग्रॅमच्या आत सांगितली आहे. रक्तदाबाच्या मंडळींनी हे गणित तोंडपाठ ठेवावे. म्हणजे ही टिक्की चवीपुरती, अडीअडचणीपुरती ठीक. रोजच्या जेवणाची जागा तिने घेऊ नये.

याहून नाजूक मुद्दा आपल्या गावाचा आहे. कारखान्यापासून दुकानापर्यंत टिक्की उणे १८ अंशांत येते, असे धरून चालू. पण पुढे? ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा, रतन फाटक येथील आपली घरे अशा गल्ल्यांत आहेत की, जेथे समोरून सांड आला तर माणसाने ओट्यावर चढावे. मैदागिनपर्यंत रिक्षा, त्यापुढे पायी. मे महिन्यात भर दुपारी हा प्रवास अर्ध्या तासाचा झाला, तर शीतसाखळीचा शेवटचा दुवा आपल्या हातातील पिशवीत वितळतो. म्हणून चार नियम सांगते. पहिला, दुकानात टिक्क्यांचे पाकीट सर्वांत शेवटी घ्यावे आणि हलवून पाहावे. टिक्क्या सुट्या वाजल्या तर ठीक, एकमेकींना चिकटून गोळा झाला असेल किंवा आत बर्फाचे खडे असतील, तर ते एकदा वितळून पुन्हा गोठले आहे असे समजून परत ठेवावे. दुसरा, जाड कापडाच्या किंवा अस्तराच्या पिशवीत, वर्तमानपत्राच्या चार पदरांत गुंडाळून, सकाळी अथवा सूर्यास्तानंतर आणावे. तिसरा, लहान एकदारी फ्रीजमधील बर्फाचा कप्पा बहुधा उणे १८ पर्यंत पोचत नाही. तेथे ठेवलेले पाकीट आठवड्यात संपवावे, छापलेल्या तारखेवर विसंबू नये. चौथा, वीज गेली तर दार उघडून पाहत बसू नये. भरलेला मोठा फ्रीझर बंद दाराने जवळपास दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस थंडी धरतो. साध्या फ्रीजमधील कप्पा त्याहून पुष्कळ कमी. पूर्ण वितळून उबलेली टिक्की पुन्हा गोठवू नये. ती टाकून द्यावी. अन्न टाकणे आपल्या संस्कारांना जड जाते, हे मी जाणते. पण नासलेले अन्न हे अन्नच उरत नाही.

सोवळ्याओवळ्याचा आणि व्रतांचा प्रश्नही पुष्कळांनी विचारला. पाकिटावर चौकोनात हिरवा ठिपका असतो. ही खूण आपल्याकडे बंधनकारक आहे. तिचा अर्थ एवढाच की, आत मांस, मासे, अंडे नाही. दूध असू शकते. कांदा-लसूण तर असतोच, आणि ठिपका त्याविषयी काही सांगत नाही. तेव्हा चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्यांनी ठिपक्यावर न थांबता घटक वाचावेत. उपवासास तर ती चालणारच नाही. बटाटा चालला तरी ब्रेडचा चुरा गव्हाचा आहे. ज्यांचे सोवळे कडक आहे, त्यांना मी उपदेश करणार नाही. त्यांचा नियम त्यांनी पाळावा. मात्र तो दुसऱ्याच्या ताटावर लादू नये. एकाच पंगतीत खिचडी आणि बर्गर शेजारी-शेजारी वाढता येतात.

आता जे मला खरोखर बोलायचे आहे, तेथे येते. ही परीक्षा चालू असताना मी आपल्या काही ज्येष्ठ सभासदांकडे पाकिटे दाखविण्यास गेले. ज्यांची मुले पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत आहेत आणि जे या गल्ल्यांतील मोठ्या वाड्यांत एकटे किंवा दोघेच राहतात, अशी ही माणसे. "रात्री काय करता?" असे मी सहज विचारले. उत्तरे जवळजवळ एकच आली: चहा आणि टोस्ट, कधी दूध-पोहे, "एकट्यासाठी कोण चूल पेटवणार?" बंधुभगिनींनो, कारखान्याची टिक्की आपल्या परंपरेस बाधा आणते की नाही, यावर आपण तीन सभा वाद घातला, पण आपल्याच माणसांच्या पानात रात्री काय पडते, हे आपण कधी विचारले नाही. काशीत कोणी उपाशी झोपत नाही, अशी या नगरीची ख्याती. ती टिकविण्यासाठी येथे मराठी राजेरजवाड्यांनी आणि दात्यांनी अन्नछत्रे चालविली. त्या परंपरेचे वारस म्हणविणाऱ्या मंडळाने पन्नासाव्या वर्षी स्वतःला हा प्रश्न विचारावा, असे मला वाटते.

म्हणून शेवटी एक सूचना मांडते. हिवाळ्यात बनारसच्या बाजारात मटारांचे ढीग लागतात. घरोघर चुडा-मटर आणि निमोना होतो. आपल्या वाराणसीतच, शहंशाहपूरजवळ जक्खिनी येथे, भारतीय भाजी संशोधन संस्था आहे. १९९२ साली प्रकल्प म्हणून सुरू झालेले हे कार्य १९९९ मध्ये राष्ट्रीय संस्थेच्या दर्जास पोचले. 'काशी नंदिनी', 'काशी उदय', 'काशी मुक्ति' ही मटारांच्या वाणांची नावे तिनेच दिलेली. ज्या नगरीच्या नावाने मटार देशभर पेरला जातो, तेथील मराठी मंडळाने चार वाटाण्यांची टिक्की विकत का घ्यावी?

पौष-माघात दोन रविवार सर्वांनी मंडळाच्या कार्यालयात जमावे, पूर्वी वाळवणास जमत तसे. आणि या वेळी पुरुषांनीही सोलण्या-थापण्यास बसावे. प्रमाण मी करून पाहिले आहे: ४०० ग्रॅम उकडलेला बटाटा, ४०० ग्रॅम मटार, आणि ब्रेडच्या चुऱ्याऐवजी या प्रांतातील दीडशे ग्रॅम चण्याचा सत्तू, त्यात आले, मिरची, कोथिंबीर, लिंबू, बेताचे मीठ. यात पंधरा-सोळा टिक्क्या होतात, आणि प्रत्येकीत जवळपास चार ग्रॅम प्रथिने येतात. मटार सोलल्याबरोबर उकळत्या पाण्यात दोन मिनिटे घालून लगेच थंड पाण्यात टाकावेत. एरवी त्यांतील साखरेचे पीठ होत जाते आणि गोडी उतरते. थापलेल्या टिक्क्या ताटात एकेरी मांडून प्रथम गोठवाव्यात, मग डब्यात भराव्यात, महिन्याभरात संपवाव्यात. मंडळाने एक फ्रीझर घ्यावा, आणि डबा पोचविण्याचे काम तरुणांनी घ्यावे. आठवड्यातून दोनदा एखादा तरुण आजोबांच्या दारात टिक्क्या आणि वाटीभर वरण घेऊन उभा राहिला, आणि तव्यावर त्या शेकून दोन घटका बोलत बसला, तर त्या घरातील चूल पेटेल. माझ्या मते या सर्व उद्योगाचे सार त्या दोन घटकांत आहे.

बालमेळाव्याविषयी माझा निकाल असा: बर्गर अवश्य द्यावा. यंदा मंडळाच्या टिक्क्या तयार नसल्याने विकतच्या आणाव्यात. मटार दुसऱ्या क्रमांकावर असलेले पाकीट घ्यावे, तव्यावर शेकावे, आणि सोबत मटकीची उसळ व कोशिंबीर असावी. मोदक मात्र घरचाच हवा, आणि तो थापण्यास मुलांनाच बसवावे. परमुलखात वाढणारी आपली मुले कोणता पाव खातात, यावर त्यांचे मराठीपण अवलंबून नाही. ते अन्न कोणाबरोबर बसून खाल्ले, कोणी वाढले, आणि वाढताना कोणत्या भाषेत 'अजून घे' म्हटले, हे त्यांच्या लक्षात राहते.

दिवाळीत धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंत सुवर्ण अन्नपूर्णेचे दर्शन खुले होते. मग पुन्हा वर्षभर दार बंद. पण तिच्या हातातील पळी रोजच्या अन्नासाठी आहे. आपले मंडळही उत्सवापुरते उघडणारे न राहता रोजच्या पानापर्यंत पोचो, आणि शताब्दी साजरी करणाऱ्या पिढीस आपल्या या लहानशा फ्रीझरची हकीकत अभिमानाने सांगता येवो, एवढी प्रार्थना त्या जगन्माउलीच्या चरणी करून मी आपली रजा घेते.